आणि उघडायची झाली तर?

गेले काही आठवडे एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. ज्यांनी विचारला ते बाबा तो विचारून, चहा पिऊन, पेपरातलं शब्दकोडं सोडवायला बसलेसुद्धा, मी मात्र तिथेच अडकलेय. झालं असं की रविवारी ते नेहमीप्रमाणे दुपारी आले आणि मी मोठ्या उत्साहाने त्यांच्या हातात माझं मिग-२१ ठेवलं, म्हणजे त्या लढाऊ विमानाचं मॉडेल. एकाला अठ्ठेचाळीसच्या स्केलचं, प्लास्टिकचं, नाकापासून शेपटापर्यंत साधारण फूटभर. अजून रंग व्हायचा होता, पण जोडून झालं होतं आणि त्यांना आधी तसंच करडं, उघडं दाखवायची मला घाई झाली होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, विमान डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, अंगठ्याच्या नखाने पंखाच्या मुळाशी एक रेघ ओढली, मग कॅनोपीवर, म्हणजे पायलटच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर, बोट ठेवून थांबले. कॅनोपीच्या आतल्या बाजूला पांढरट धुकं धरलं होतं, थंडीत खिडकीच्या काचेवर श्वास सोडला की धरतं तसं, फक्त हे पुसून जाणारं नव्हतं. मी सांगायला लागले की सुपरग्लूने असं होतं, पुढच्या वेळी काळजी घेईन वगैरे. त्यांनी धुक्याबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाले, "पक्की चिकटवलीस? आणि उघडायची झाली तर?"

मी म्हटलं, अहो बाबा, मॉडेल आहे हे, कोण उघडणार आहे. ते "हं" म्हणाले आणि विमान टेबलावर ठेवलं. ठेवताना मात्र आधी मागची चाकं आणि मग नाकाचं चाक टेकवलं, जसं ते खरोखर उतरतं.

बाबा नाशिकजवळ ओझरला एचएएलमधे होते, विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत, सगळी नोकरी तिथेच. फिटर म्हणून लागले आणि त्यांच्या आयुष्यातली चांगली वर्षं, म्हणजे ऐंशीचं दशक, मिग-२१ बिस या मिगच्याच एका प्रकाराच्या जुळणीत गेली. ज्यांचं लहानपण त्या कॉलनीत गेलं त्यांना काही सांगायला नको, कंपनीची बस, भोंगा, शाळेत पाढे म्हणताना मधेच डोक्यावरून जाणारा तो आवाज की बाई सुद्धा थांबायच्या आणि आवाज गेला की जिथे सोडलं तिथूनच पुढे सुरू. बाबा घरी आले की त्यांच्या कपड्यांना रॉकेलसारखा वास असायचा, त्यात थोडं ग्रीस, थोडं तापलेलं लोखंड. मला तो वास आवडायचा हे मी आईला कधी सांगितलं नाही कारण तिला तो धुवून धुवून नकोसा झाला होता. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप झाला तेव्हा आम्ही दोघांनी टीव्हीवर बघितला. २३ नंबरच्या स्क्वॉड्रनची विमानं, म्हणजे बिसचंच पुढे सुधारलेलं बायसन, उतरून आली आणि दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे. मी रडेन असं मला वाटलं होतं, बाबा गप्प होतील असं वाटलं होतं. पण ते पुढे वाकून स्क्रीनकडे बघत म्हणत होते, "शेपटाचा जॉइंट बघ, कसा बसलाय अजून." त्या रात्री मी मिगचं किट ऑर्डर केलं, सुट्या भागांचं.

मॉडेल मी आधीही केली होती, दहाएक तरी. पण गोंदाचा विचार मी नेहमी एकाच अंगाने करायचे, सगळ्यात पक्का कुठला. दुकानात पण तेच विचारायचे, दादा, एकदम स्ट्राँग द्या. आपल्याकडे तसंही घरात काही तुटलं की हाच हिशोब असतो ना, आणि तो बहुतेक वेळा चुकतो. लहानपणी आमच्याकडे एक निळी बादली होती, तिची कडी जिथे अडकते तो कान तुटला. आईने मिळेल ते सगळं लावून बघितलं, सुपरग्लू, दोन ट्यूबवालं, सगळं. सुकल्यावर पक्कं दगड व्हायचं आणि बादली उचलली की टपकन तो सगळा गोंद एका तुकड्यात निघून हातात यायचा, खाली प्लास्टिक अगदी गुळगुळीत, जसं काही कधी काही लागलंच नव्हतं. आई म्हणायची गोंदात भेसळ आहे. गोंद चांगलाच होता, बादली पॉलिप्रॉपिलीनची होती. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन यांचा पृष्ठभागच असा असतो की त्यावर काही पसरत नाही, मेणाच्या कागदावर पाणी टाकलं की त्याचे मणी होतात तसा गोंद नुसता वर बसून राहतो. ज्या बाटल्यांत सुपरग्लू येतो त्या म्हणूनच या जातीच्या प्लास्टिकच्या असतात. आधी खास प्रायमर लावला किंवा पृष्ठभागावरून ज्योत फिरवली तर थोडंफार जमतं, पण तेव्हा आमच्याकडे हे कुणाला माहीत होतं. ती बादली पुढे कितीतरी वर्षं आईने सुतळी बांधून वापरली.

मॉडेलचं प्लास्टिक वेगळं, पॉलिस्टायरीन. आणि पॉलिस्टायरीनशी माझी पहिली ओळख किटमुळे झालेलीच नाही, गणपतीत झाली.

थर्माकोलची मखरं तेव्हा घरोघरी असायची. बाबा दरवर्षी स्वतः करायचे, ब्लेड गरम करून कापायचे, कागदावर आधी सगळं मापात काढून. जोडायला फेविकॉल आणि टाचण्या. एका वर्षी त्यांनी देऊळ केलं होतं, शिखर, त्यावर कळस, खाली कमानी, प्रत्येक कमानीला नक्षी. मी चौथीत असेन. चतुर्थीच्या आदल्या रात्री मला वाटलं कळस सोनेरी हवा. कॉलनीतल्या मंडळाच्या सामानात सोनेरी स्प्रेचा डबा होता तो मी आणला आणि सगळे झोपल्यावर मारला. पहिले दोन सेकंद इतकं सुंदर दिसलं की काय सांगू. मग कळसाला खळगे पडायला लागले. आवाज सुद्धा येत होता, बारीक, चरचर, अळी पानं खाते तसा. सोनेरी रंग आत आत जात होता आणि शिखर माझ्या डोळ्यांसमोर खचत होतं, बोट लावलं तर चिकट तार आली. मी तिथेच बसून राहिले. सकाळी बाबांनी बघितलं, ओरडले नाहीत. एक तुकडा हातात घेऊन बघत म्हणाले, "विरघळलंय हे. जळलेलं नाही." मग कळस काढून टाकला आणि तिथे झेंडूचा गोंडा लावला. फोटोत तो गोंडा आहे अजून. २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोल गेलं, आता बाबा पुठ्ठ्याचं करतात, पण ते एक वाक्य माझ्या डोक्यात कुठेतरी राहून गेलं होतं हे मला यंदा कळलं.

कारण थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीनच. जे मखराचं शिखर होतं तेच माझ्या मिगचा पंख आहे, फक्त घट्ट ओतलेलं. आणि ज्या जातीच्या द्रवाने ते शिखर खाल्लं, त्याच जातीच्या द्रवाने हा पंख जोडला जातो. मॉडेलवाले ज्याला सिमेंट म्हणतात तो खरं म्हणजे गोंद नाहीच, त्यात चिकटणारं काही नसतं. मी वापरते ती तामिया या जपानी कंपनीची एक्स्ट्रा थिन, हिरव्या झाकणाची, चौकोनी काचेची ४० मिलीची बाटली, झाकणालाच आत बारीक ब्रश. आत ब्युटिल ॲसिटेट आणि ॲसिटोन. झाकण उघडलं की नेलपॉलिशचा आणि त्यामागे जास्त पिकलेल्या फळाचा वास येतो, आणि खिडकी उघडली नाही तर अर्ध्या तासात डोकं जड होतं, म्हणून मी पंखा लावते आणि खिडकीकडेच बसते. हा द्रव दोन्ही तुकड्यांच्या कडा मऊ करतो, मऊ झालेल्या प्लास्टिकच्या लांब साखळ्या एकमेकांत शिरतात, द्रव उडून जातो आणि मागे राहतं फक्त प्लास्टिक. मधे तिसरं काहीच नाही. वेल्डिंगच म्हणा. नीट झालेला जोड पुढे कधी तुटला तर बऱ्याचदा जोडावर तुटतच नाही, शेजारी तुटतो.

आणि तो लावायचा कसा, हे मला फार उशिरा कळलं. मी आधी एका तुकड्याला लावून मग दुसरा दाबायचे, तोवर अर्धा उडून गेलेला असायचा. खरं तर दोन्ही अर्धे आधी कोरडेच जुळवायचे, बोटांनी धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं. द्रव आपला आपण आत ओढला जातो. ओली रेघ सांध्यावरून पळत जाताना दिसते, नाकाकडून शेपटाकडे, एका सेकंदात दोन-तीन इंच, आणि तिच्यामागे सांधा जरासा गडद होत जातो. मला मॉडेल करण्यातलं सगळ्यात जास्त काही आवडत असेल तर ही रेघ. मग अगदी हलकं दाबायचं की वितळलेल्या प्लास्टिकचा केसाएवढा मणी बाहेर येतो, तो तसाच ठेवायचा, पुसायचा नाही. दुसऱ्या दिवशी कडक झाल्यावर घासला की सांधा नाहीसा. दुसऱ्याच दिवशी मात्र. घाईने त्याच संध्याकाळी घासला तर आतलं मऊ प्लास्टिक पुढे आक्रसत राहतं आणि रंग दिल्यावर आठवड्याने तिथे बारीक खाच उगवते. आणि बोटं कुठे ठेवलीत ते बघायचं, कारण फटीवर बोट असेल तर द्रव बोटाखाली पण तसाच पळतो. माझ्या मिगच्या उजव्या पंखाखाली माझ्या तर्जनीचा ठसा आहे, सगळी वर्तुळं मोजता येतील इतका स्पष्ट, प्लास्टिकमधेच कोरलेला. बाबांनी नखाने रेघ ओढली ती तिथेच.

ही बाटली आपल्याकडे मिळायची पंचाईत. ज्वलनशील म्हणून विमानाने पाठवता येत नाही, बाहेरून येणारं कुणी बॅगेत आणू शकत नाही, दुकानात आली की चार जणं लगेच उचलतात. मग लोक हार्डवेअरच्या दुकानातला थिनर वापरतात, तो बऱ्यापैकी चालतो पण त्यात काय काय आहे ते डब्यावर धड लिहिलेलं नसतं. नेलपॉलिश काढायचं नुसतं ॲसिटोन इतक्या पटकन उडतं की जोड कच्चा राहतो. मी केलेली एक गोष्ट मात्र खरंच उपयोगी, बाटली अर्धी झाली की दुसऱ्या एका रिकाम्या काचेच्या बाटलीत थोडा द्रव घेऊन त्यात स्प्रूचे तुकडे, म्हणजे पार्ट काढून झाल्यावर उरते ती चौकट, बारीक करून टाकायचे. दोन दिवसांत मधासारखं दाट होतं आणि त्याने फटी भरता येतात, भरलेलं सुकल्यावर मूळ प्लास्टिकच असतं, त्यामुळे घासताना कमीजास्त होत नाही. हे सगळं अर्थात पॉलिस्टायरीनपुरतंच. माझी आत्तेबहीण आर्किटेक्चरला होती, तिची मॉडेलं ॲक्रिलिकच्या शीटची, ती क्लोरोफॉर्म इंजेक्शनच्या सुईने सांध्यात सोडायची, तत्त्व तेच, रेघ तशीच पळायची, पण वास इतका गोड आणि इतका वाईट की आत्या तिला गच्चीवर पाठवायची. एबीएस प्लास्टिकला वेगळं लागतं, रेझिनच्या पार्टला हे काहीच चालत नाही. आणि प्लास्टिकवर आधी रंग दिला असेल तर पॉलिस्टायरीनलासुद्धा नाही, कारण सिमेंटला खालचं प्लास्टिक सापडतच नाही. माझ्या मिगचा नाकाचा पाय तसाच गेला. मी तो आधी रंगवून ठेवला होता, सिमेंट धरेना, म्हणून सुपरग्लूचा थेंब लावला, पक्का बसला. आठ दिवसांनी टेबल पुसताना विमानाला नुसता धक्का लागला आणि पाय काचेसारखा टक करून सुटला.

सुपरग्लूचं हे असंच आहे. सरळ ओढलं तर ऐकत नाही, आडवा धक्का लागला की गेला. १९४२ मधे कोडॅकच्या प्रयोगशाळेत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते तेव्हा हे रसायन हाती लागलं आणि ते ज्याला त्याला चिकटतंय म्हणून त्यांनी बाजूला ठेवलं. १९५१ मधे ते पुन्हा समोर आलं तेव्हा कळलं की हेच तर कामाचं, आणि १९५८ मधे बाजारात आलं. ते सुकत नाही, हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतं, म्हणून पावसाळ्यात ब्रश टेकवेपर्यंत घट्ट आणि मे महिन्यात बोटांनी धरून बसायचं. पितळेला पर्याय नाही त्याला. किटमधे पितळेचे कोरलेले बारीक पार्ट येतात, डॅशबोर्डची बटणं, सीटचे पट्टे, तांदळाच्या कणीएवढे, त्यांना प्लास्टिकवर सिमेंट धरणार कसं, पितळ थोडंच विरघळतंय. तिथे सुईच्या टोकाने सुपरग्लू. नाकापुढची लांब पिटो नळी, खऱ्या विमानात वेग मोजायला असते ती, मी पितळेची घेतली होती, तिला सारखा हात लागणार म्हणून तिथे दोन ट्यूबवालं इपॉक्सी, काडेपेटीच्या काडीने समसमान कालवून, रात्रभर टेकू देऊन. तिला आत्तापर्यंत काही झालेलं नाही. पण सुपरग्लू घट्ट होता होता त्याची थोडी वाफ उठते आणि ती जवळच्या गुळगुळीत जागेवर पांढरी होऊन बसते, विशेषतः बोटाचं तेल किंवा दमटपणा असेल तिथे. पारदर्शक प्लास्टिक शोधताना सापडलेली वस्तू पारदर्शक प्लास्टिकवरच असं करते याचं मला खूप वाईट वाटलं, कारण त्या कॅनोपीखाली मी महिनाभर बसून सीटचे पट्टे लावले होते आणि आता ते दिसत नव्हते.

पण मला टोचत होतं ते धुकं नव्हतंच. बाबांचा प्रश्न टोचत होता.

त्यांच्या बोलण्यात मला लहानपणापासून हे ऐकू यायचं, आता कळतंय. घरात काही जोडलं की ते आधी विचारायचे, हे खोलायचं कुठून. कपाटाला खिळा मारू द्यायचे नाहीत, स्क्रू. मिक्सर बिघडला की आधी पालथा. मिग-२१ चं इंजिन काढायचं तर मागचा सगळा भाग, शेपटासकट, वेगळा करून मागे ओढतात, तो जिथून सुटतो ती रेघ माझ्या किटवर कोरलेली आहे आणि ती मला नुसती नक्षी वाटली होती. बाबांच्या दृष्टीने विमान म्हणजे पुन्हा पुन्हा उघडायची गोष्ट, दर इतक्या तासांनी, नाहीतर ते उडणारच नाही. आणि मी सगळ्यात पक्कं काय या एका विचाराने पायलट आत जातो ती जागासुद्धा कायमची बंद करून टाकली होती.

मागच्या शनिवारी रात्री मी मिग फ्रीझरमधे ठेवलं. सुपरग्लू थंडीत अजून ठिसूळ होतो हे माहीत होतं, करून कधी बघितलं नव्हतं. मटारची पिशवी आणि नारळाचा चव बाजूला केला, पिटो नळीला कापूस गुंडाळला, विमान तिरकं करून बसवलं आणि दर तासाने उठून बघत राहिले. पहाटे पाचला काढलं, बर्फाची पूड बसली होती पंखांवर. कॅनोपीच्या कडेला ब्लेडची पाठ लावली आणि जीव मुठीत धरून जरासं फिरवलं. टक. निघाली, अख्खी. मी किचनच्या फरशीवरच बसले काही वेळ. मग तास-दीड तास मऊ कापडावर टूथपेस्ट घेऊन कॅनोपी आतून घासली, गोल गोल, धुवून, परत घासून. सगळं धुकं गेलं नाही, एका कोपऱ्यात राहिलंय. पण पट्टे दिसायला लागले.

बसवली ती फेविकॉलने. दोन थेंब, पाण्यात कालवून, काडीने कडेला. पॉलिस्टायरीनला तो खरा धरत नाहीच, कडेत नुसता अडकून राहतो, सुकला की दिसत नाही, वाफ नाही, आणि ओला ब्रश फिरवून दोन मिनिटं थांबलं की सोडतो. मखराचाच फेविकॉल. डब्याचं झाकण उघडलं तर तोच आंबूस वास.

काल बाबा आले. मी काहीच न बोलता विमान त्यांच्यापुढे ठेवलं आणि शेजारी ओला ब्रश ठेवला. त्यांनी ब्रशकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, उघडते आता. त्यांनी कडेने ब्रश फिरवला, इतका सावकाश की मलाच धीर निघेना, मग नखाने उचलली, उजवीकडे कलवत, खरी उघडते तशीच. म्हणाले, "खरी कॅनोपी चिकटत नाही अगं, बसते. कडेने रबराची नळी असते, बंद झाली की तिच्यात हवा भरते. हवेनेच सील होते." मी विचारलं, ती नळी तुम्ही बसवायचात? "काही दिवस," ते म्हणाले, "माझी बोटं बारीक होती तेव्हा." आणि बोटांकडे बघितलं नाही, आत बघत राहिले. मग कॅनोपी शब्दकोड्यावर पालथी ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "टॉर्च आण."